पोंचपावती देणारा बिनतारी संदेश

हातांतला मोबाइल फोन कानाशीं धरून आपण मुंबईच्या भावाशीं किंवा अमेरिकेंतल्या मुलाशीं बोलतों, तेव्हां आपला आवाज थेट त्याच्याकडे चालला आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः आपला फोन बोलतो तो फक्त जवळच्या टॉवराशीं. टॉवरापासून पुढें जमिनींतून गेलेली केबल, मग एक्स्चेंज, मग दुसरी केबल, मग दुसरा टॉवर, अशी ही एक लांबलचक साखळी आहे. आणि तिच्या प्रत्येक कडीस विजेची गरज आहे. वीज गेली तर टॉवराच्या पायथ्याशीं असलेली बॅटरी कांहीं तास तग धरते. डिझेलचें इंजिन असल्यास आणखी कांहीं काळ निभावतो. रस्ता वाहून गेला म्हणजे डिझेलही येत नाहीं. अशा वेळीं हातांतला किंमती फोन उजेड पाडण्याच्या व वेळ पाहण्याच्या कामापुरता उरतो.

हा नुसत्या कल्पनेचा खेळ नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्यें नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यांत अतिवृष्टीनें रंगावली नदीस मोठा पूर आला. माणसें दगावलीं, घरें पडलीं, आणि रस्त्यांची व सुरत-भुसावळ लोहमार्गाची वाहतूक बंद पडली. याच लोहमार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्या दरम्यान चिंचपाडा हें लहानसें स्टेशन आहे. गुजराथच्या सरहद्दीजवळ, टेकड्यांच्या मुलखांत हें गांव वसलें असून आसपास आदिवासी पाडे विखुरलेले आहेत. गांवांत जुनें ख्रिस्ती इस्पितळ आहे. दूरदूरच्या पाड्यांवरचे रोगी तेथें येतात. ज्यांच्या घरचें कोणी डॉक्टर, शिक्षक किंवा सरकारी अधिकारी म्हणून या भागांत राहिलें आहे, त्यांस तेथील पावसाळ्याची कल्पना असेलच. याच जिल्ह्यांतील टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिलीं आधार-पत्रें वांटण्यांत आलीं. प्रत्येक नागरिकास संगणकांतला क्रमांक देण्याचा आरंभ या जिल्ह्यांत झाला, ही गोष्ट भूषणावह खरी. परंतु तो क्रमांक पडताळून पाहणारा दुवाच जर पहिल्या मुसळधार पावसांत तुटला, तर क्रमांक जवळ असून त्याचा उपयोग काय?

टॉवर, केबल व एक्स्चेंज या साखळीवर मुळींच अवलंबून नसलेलें, एका गांवाहून दुसऱ्या गांवीं लिहिलेला निरोप नेणारें व तो पोंचल्याची पावती आणणारें एक साधन आहे. हौशी बिनतारी यंत्र संगणकास जोडून तें सिद्ध होतें. त्यास पॅकेट रेडिओ म्हणतात. त्याचीच ओळख आज आम्ही आमच्या वाचकांस करून देणार आहों. हें साधन अद्भुत नाहीं, वेगवान तर मुळींच नाहीं. परंतु त्याच्या अंगीं जो एक गुण आहे, तो संकटकाळीं वेगापेक्षां मोलाचा ठरतो, असें आमचें मत आहे.

हौस आणि कर्तव्य

सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या घरीं बिनतारी संदेश घेणारें व पाठविणारें यंत्र चालविणाऱ्या माणसांस सर्व जगांत 'हॅम' म्हणतात. त्यांत पैसा मिळवावयाचा नसतो. शिकणें, प्रयोग करणें आणि अनोळखी माणसांशीं मैत्री जोडणें एवढाच हेतु. प्रत्येकास एक सांकेतिक नांव मिळतें. भारतांतल्या नांवांचा आरंभ 'व्ही यू' या अक्षरांनीं होतो. आपल्या देशांत या छंदाचा उगम कलकत्त्यास झाला. अमरेंद्रचंद्र गुप्त यांनीं १९२१ सालीं पहिलें हौशी केंद्र चालविलें. मुंबईचा या विद्येशीं असलेला संबंध तर आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासांत नोंदलेला आहे. दुसरें महायुद्ध सुरू होतांच हौशी लोकांचीं यंत्रें सरकारजमा करण्याचे हुकूम सुटले. तथापि १९४२ च्या चळवळींत उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनीं मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, तेव्हां नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या जाणत्या हौशी माणसाचें ज्ञानच त्यांच्या उपयोगीं पडलें.

पुढें या हौसेचें कर्तव्यांत रूपांतर होण्याचे प्रसंग वारंवार आले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानें कच्छांत दूरध्वनि बंद पडले, तेव्हां हॅम मंडळी आपलीं यंत्रें घेऊन तेथें धांवलीं. २६ डिसेंबर २००४ रोजीं समुद्राच्या प्रचंड लाटांनीं अंदमान व निकोबार बेटांस तडाखा दिला, त्या वेळीं भारती प्रसाद ह्या हौशी केंद्राच्या निमित्तानें पोर्ट ब्लेअर येथेंच होत्या. आपला छंद बाजूस ठेवून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बेटांवरच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोंचविले. त्या प्रसंगीं तयार यंत्र व तयार माणूस हीं दोन्हीं जागेवर होतीं, ही त्यांतली ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट.

बोलावें कीं लिहावें?

येथें एक शंका साहजिक आहे. बिनतारी यंत्रावर तोंडानें बोलतां येतें, तर मध्यें संगणकाची उठाठेव कशाला?

एक उदाहरण घेऊं. पुरानें वेढलेल्या गांवाहून जिल्ह्याच्या ठिकाणीं ४० माणसांची यादी कळवावयाची आहे. नवापूर तालुक्यांत गावित, वळवी, वसावे, पाडवी हीं आडनांवें घरोघर आढळतात. नुसतें आडनांव व नांव सांगून भागत नाहीं. बापाचें नांव, पाडा व वय हीं सर्व सांगावीं लागतात. खरखरणाऱ्या आवाजांत एकानें वाचावयाचें, दुसऱ्यानें कागदावर उतरावयाचें, शंका आली कीं पुन्हां विचारावयाचें. चाळिसाव्या नांवापर्यंत दोघेही थकतात. यादींतलें एक नांव चुकलें म्हणजे कोणत्या तरी एका घरांत विनाकारण रडारड होते, आणि दुसऱ्या घरांत खोटा दिलासा मिळतो. औषधांच्या मात्रा आणि रक्ताचे गट यांची तीच कथा. 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' यांत ऐकण्याची चूक झाली तर ती सुधारावयास वेळ मिळेलच असें नाहीं.

लिहिलेला निरोप संगणकानें पाठविला आणि संगणकानेंच घेतला, तर एक अक्षरही इकडचें तिकडे होत नाहीं. झालेंच, तर यंत्रास तें कळतें व तो भाग तें पुन्हां मागून घेतें. हें कसें साधतें तें पाहण्यासारखें आहे.

पुडकें कसें बांधतात?

पूर्वीं रजिस्टर पत्राबरोबर गुलाबी पोंचपावती जोडण्याची वहिवाट होती, ती आमच्या वडील वाचकांस आठवत असेल. पावती परत आली म्हणजे पत्र पोंचलें. न आली म्हणजे चौकशी करावयाची. पॅकेट रेडिओची सर्व मांडणी या एका व्यवहारावर उभी आहे.

संगणक लांबलचक निरोप सबंध पाठवीत नाहीं. त्याचीं तो लहान लहान पुडकीं बांधतो. प्रत्येक पुडक्यावर कोणास पाठविलें, कोणीं पाठविलें, वाटेंत कोणाच्या मार्फत न्यावयाचें, हे पत्ते हॅमच्या सांकेतिक नांवांनीं लिहिलेले असतात. मग पुडक्याचा क्रमांक, मग मजकूर, आणि शेवटीं पडताळ्याचे १६ अंक. पूर्वींच्या शाळांत गुणाकार बरोबर आला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं नवाचा पडताळा घेत असत. त्याच जातीची, परंतु पुष्कळ अधिक कडक अशी ही परीक्षा आहे. घेणारें यंत्र आलेल्या मजकुरावरून तोच हिशेब स्वतः करतें. उत्तर जुळलें तर पावती पाठवितें. न जुळलें तर पुडकें टाकून देतें. ठराविक वेळांत पावती न आली कीं पाठविणारें यंत्र तेंच पुडकें पुन्हां पाठवितें. इतकेंही करून ठराविक वेळां अपयश आलें, तर पडद्यावर 'दुवा तुटला' असा स्पष्ट निर्वाळा मिळतो. निरोप पोंचला अशा भ्रमांत कोणी राहत नाहीं. हाच तो मघांशीं सांगितलेला गुण.

संगणकाची भाषा शून्य आणि एक या दोनच अंकांची आहे, हें सर्वश्रुत आहे. बिनतारी यंत्रास मात्र आवाज समजतो. म्हणून अंकांचे स्वर करावे लागतात. सेकंदास १२०० कंपनांचा एक खालचा स्वर व २२०० कंपनांचा एक वरचा स्वर, असे दोन स्वर ठरलेले आहेत. शून्य आलें कीं स्वर बदलावयाचा, एक आला कीं चालू असलेलाच स्वर पुढें न्यावयाचा. प्रत्येक पुडक्याच्या आरंभीं व शेवटीं एक शून्य, सहा एक व पुन्हां एक शून्य अशी खूण घालतात. मजकुरांतच असे सहा एक ओळीनें आले तर खुणेचा घोटाळा होईल. म्हणून मजकुरांत पांच एक लागोपाठ आले कीं पाठविणारें यंत्र आपण होऊन एक शून्य मध्यें घुसवितें, आणि घेणारें यंत्र तें काढून टाकतें. ऐकणाऱ्यास हें सर्व एखाद्या रातकिड्याच्या किरकिरीसारखें वाटतें.

सर्वसाधारण वेग सेकंदाला १२०० अंकांचा आहे. एका अक्षराला ८ अंक धरले तर सेकंदास फार तर १५० अक्षरें झालीं. एका पुडक्यांत बहुधा २५६ पर्यंत अक्षरें मावतात आणि तेवढें पुडकें जावयास दोन-सव्वादोन सेकंद लागतात. आजच्या फोनच्या वेगापुढें ही बैलगाडीच म्हणावयाची. त्यांत मराठी लिहिणाऱ्यानें एक हिशेब लक्षांत ठेवावा. संगणकांत रोमन अक्षरास एक घर पुरतें. देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास, मात्रेस व वेलांटीस प्रचलित पद्धतींत तीन तीन घरें लागतात. 'डॉक्टर पाठवा' हे दोन शब्द देवनागरींत ३४ घरें अडवितात. तेच रोमन लिपींत १४ घरांत बसतात. आपल्या लिपीचा अभिमान बाळगूनही, आणीबाणीच्या वेळीं रोमन अक्षरांत मराठी लिहिणें शहाणपणाचें ठरतें.

या पद्धतीचा जन्म बेटांच्या मुलखांत झाला, हें तिच्या स्वभावास साजेसेंच आहे. हवाई विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७१ सालीं निरनिराळ्या बेटांवरील संगणक-केंद्रें बिनतारी यंत्रांनीं जोडलीं. हौशी मंडळींनीं १९७८ सालीं कॅनडांतील माँट्रिअल येथें तिचे पहिले प्रयोग केले. पुढें व्हँकूवर व अमेरिकेंतील टूसॉन येथल्या मंडळांनीं त्यासाठीं स्वतंत्र पेट्या बनविल्या, आणि १९८४ सालीं पुडकीं बांधण्याचे नियम 'एएक्स २५' या नांवानें कायम झाले. आज ४० वर्षें उलटून गेलीं तरी तेच नियम चालू आहेत.

जोडणी

बिनतारी यंत्र आणि संगणक यांच्यामध्यें वस्तुतः तीनच धागे आहेत. यंत्राच्या कर्ण्यांतून निघणारा आवाज संगणकाच्या कानांत न्यावयाचा, हा पहिला. संगणकाच्या तोंडून निघणारे स्वर यंत्राच्या मायक्रोफोनांत घालावयाचे, हा दुसरा. आणि माणूस बोलतांना जी कळ दाबतो ती संगणकानें योग्य क्षणीं दाबावी व सोडावी, हा तिसरा. पूर्वीं स्वरांचे अंक व अंकांचे स्वर करण्यास वेगळी पेटी विकत घ्यावी लागे. आतां तें काम संगणकांतील ध्वनीचा भाग व 'डायरवुल्फ' यासारखे विनामूल्य मिळणारे कार्यक्रम करतात. पोस्टकार्डाहून लहान असा रास्पबेरी पाय नांवाचा संगणकही त्यास पुरतो.

परंतु तीन धागे जोडले आणि काम झालें असें होत नाहीं. संगणकांतून निघणारा आवाज मायक्रोफोनाच्या आवाजाच्या मानानें फार जोरकस असतो. तो तसाच यंत्रांत घातला तर स्वर फाटतात, आणि दूरचें यंत्र एकही पुडकें उलगडूं शकत नाहीं. म्हणून मध्यें दोन रोधक घालून आवाज पुष्कळ खालीं आणावा लागतो. नवशिके बहुधा उलट करतात. पुडकें पोंचत नाहीं असें दिसतांच आवाज वाढवितात. गाण्यांत ओरडल्यानें सूर लागत नाहीं, तद्वतच हें आहे. दुसरी गोष्ट घरघरीची. दोन्ही यंत्रांचा विजेचा पाया एकमेकांत गुंतला कीं स्वरांत गुणगुण मिसळते. दोन्ही आवाजांच्या वाटेवर लहानसा ट्रान्स्फॉर्मर बसविला म्हणजे आवाज तेवढा पलीकडे जातो, गुणगुण अलीकडेच राहते. हलक्या प्रतीचे चार्जर हवेंतच इतका गोंगाट करतात कीं जवळच्या यंत्रास दूरचा क्षीण आवाज ऐकूंच येत नाहीं; ते बदलणें हाच उपाय.

तिसऱ्या धाग्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. आवाज आला कीं आपोआप चालू होणारी कळ पुष्कळ यंत्रांत असते, व ती वापरण्याचा मोह होतो. परंतु अशी कळ आवाज थांबल्यावरही अंमळ दाबलेलीच राहते. तेवढ्यांत पलीकडून पावती येऊन जाते आणि ती ऐकावयास आपण मोकळे नसतों. मग पुडकें पोंचलेलें असूनही तें पुन्हां पुन्हां पाठविलें जातें. म्हणून संगणकानें स्वतः कळ दाबण्याची सोय करावी. तसेंच कळ दाबल्यावर यंत्र पूर्ण जागें होण्यास क्षणाचा कांहीं भाग लागतो. तेवढें थांबून मगच पुडकें सुरू करावें. सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा आरंभास पुरतो. पुढें अनुभवानें तो कमी करावा.

विजेचा हिशेबही सोपा आहे. लहान संगणक व ऐकत बसलेलें यंत्र मिळून सुमारें १० वॅट वीज खातात असें धरूं. १२ व्होल्ट व ४० अँपिअर-तासांच्या बॅटरींत ४८० वॅट-तास सांठतात. त्यांतले निम्मेच वापरावयाचे ठरविलें तरी एक अहोरात्र केंद्र जागें राहूं शकतें. पावसाळी आभाळांत सौर पाट्या थोडीच वीज देतात, म्हणून दोन बॅटऱ्या ठेवणें इष्ट.

टेकडी आणि उपग्रह

या कामास लागणाऱ्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. १० मीटर उंचीच्या अँटेनाचें क्षितिज सुमारें १३ किलोमीटर. ४०० मीटर उंच टेकडीवरून तेंच ८० किलोमीटरांच्या पलीकडे जातें. चिंचपाड्यासारख्या ठिकाणीं टेकडी मध्यें आली म्हणजे ती शत्रु, आणि तिच्या माथ्यावर यंत्र ठेवलें म्हणजे तीच मित्र. तेथलें यंत्र आपल्या नांवानें मार्फत घातलेलें पुडकें घेतें आणि तेंच पुन्हां फेंकतें. चिंचपाड्याचें पुडकें टेकडीमार्फत नंदुरबारास जाईल, आणि पावती त्याच वाटेनें परत येईल. टेकडीवर माणूस बसविण्याची गरज नाहीं.

या व्यवस्थेंत सर्वांनीं एकाच लहरीवर बोलावयाचें असतें. म्हणून प्रत्येक यंत्र आधीं ऐकतें. कोणी बोलत असेल तर थांबतें. मग मनांतल्या मनांत कमीअधिक क्षण मोजून आपलें पुडकें सोडतें. भरल्या घरांतल्या चार माणसांनीं पाळावा असा हा शिष्टाचार आहे. तथापि टेकडीच्या दोन बाजूंचीं केंद्रें एकमेकांस ऐकूं शकत नाहींत, आणि दोघेही एकदमच टेकडीशीं बोलूं लागले कीं दोघांचीं पुडकीं फुकट जातात. केंद्रें वाढलीं कीं ही अडचण वाढते. यासाठींच निरोप थोडक्यांत लिहिणें हें यांतलें पहिलें सौजन्य होय.

टेकडीहूनही उंच असें ठाणें मिळालें तर? पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं हाच प्रश्न मनावर घेतला. १८५४ पासून चालत आलेल्या या संस्थेंत मुलामुलींच्या एकामागून एक आलेल्या तुकड्यांनीं 'स्वयम्' नांवाचा उपग्रह बनविला. वजन सुमारें एक किलो, आकार १० सेंटिमीटरांच्या ठोकळ्याएवढा. २२ जून २०१६ रोजीं श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी३४ या अग्निबाणानें जे २० उपग्रह आकाशांत नेले, त्यांत हा एक होता. त्याचें नियोजित कार्य आपल्या आजच्या विषयाचेंच होतें. एका हौशी केंद्राकडून पुडकें घ्यावयाचें, तें पोटांत सांठवावयाचें, आणि फिरत फिरत दुसऱ्या केंद्राच्या माथ्यावर आल्यावर तें त्याच्या स्वाधीन करावयाचें. अवकाशांत आपली दिशा राखण्यासाठीं त्यांत फिरतीं चक्रें किंवा धूर सोडणाऱ्या नळ्या नव्हत्या. लोहचुंबकाच्या योगें पृथ्वीच्या चुंबकत्वाशीं तो आपोआप जुळून राहावा अशी योजना होती, व त्यावरूनच त्याचें नांव पडलें. इंग्लंडांतील सरे विद्यापीठानें बनविलेल्या व १९८४ सालीं उडालेल्या उपग्रहावर अशाच सांठवून देण्याच्या टपालाचे प्रयोग झाले होते. परंतु आपल्या पुण्याच्या मुलामुलींनीं तें काम एक किलोच्या ठोकळ्यांत बसविण्याचा चंग बांधला, याचें कौतुक वेगळेंच.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील हौशी केंद्रही कित्येक वर्षें अशीं पुडकीं झेलून पुन्हां फेंकीत आलें आहे. मात्र असा पाहुणा माथ्यावर येतो तो एका खेपेस फार तर दहा-अकरा मिनिटें. तेवढ्यांत काम उरकावयाचें, नाहीं तर पुढच्या खेपेची वाट पाहावयाची. रोजच्या व्यवहारास टेकडीच बरी. टेकडीपलीकडच्या जगास बातमी द्यावयाची असेल तर आकाश.

जें यांतून साधत नाहीं

एखाद्या साधनाची वाखाणणी करून त्याच्या मर्यादा लपविणें हें आम्ही वाचकांशीं प्रतारणा केल्यासारखें समजतों. पॅकेट रेडिओ मोबाइल फोनची जागा घेऊं शकत नाहीं. चित्रें, चलच्चित्रें, लांब बोलणीं यांचें तेथें नांव नको. एका लहरीवर थोडींच केंद्रें सुखानें नांदूं शकतात. उपग्रहावरून चालणारे फोन आज आहेत व सरकारी यंत्रणा संकटांत ते वापरते. जेथें ते वेळेवर पोंचतील तेथें त्यांचाच उपयोग करावा. परंतु ते बाहेरून आणावे लागतात, आणि रस्ता बंद असतां बाहेरून कांहीं येणें हीच तर अडचण असते.

दुसरी मर्यादा गुप्ततेची. हौशी बिनतारींत गुप्त लिपी वापरण्यास परवानगी नाहीं. निरोप सर्वांस वाचतां येईल असाच असला पाहिजे. म्हणून इस्पितळाहून निरोप पाठवितांना 'ओ निगेटिव्ह रक्ताच्या दोन पिशव्या हव्या' एवढेंच लिहावें; रोग्याचें नांव व दुखणें लिहूं नये. हरवलेल्या माणसांची यादी उघड असली तरी चालते, किंबहुना ती उघड असण्यांतच हित आहे. रोग्यांची यादी तशी नसते. हा विवेक यंत्र शिकवीत नाहीं. चालविणाऱ्यास तो अगोदर शिकवावा लागतो. सामान्य काळांत परक्यांचे निरोप वाहण्याचा किंवा व्यापाराचा हा मार्ग नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें.

तिसरी मर्यादा माणसाची, आणि तीच सर्वांत मोठी. यंत्र विकत घेऊन कपाटांत ठेवलें तर पुराच्या रात्रीं तें कोणासही चालवितां येणार नाहीं. बॅटरी उतरलेली असेल, अँटेनाची तार गंजलेली असेल, आवाजाची जुळणी कोणीतरी फिरवून ठेविली असेल. शिवाय परवाना एका दिवसांत मिळत नाहीं; अभ्यास करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, कागदपत्रांची वाट पाहावी लागते. पूर येण्यापूर्वीं जो शिकला असेल त्याचाच पुरांत उपयोग.

काय करतां येईल?

चिंचपाड्यासारख्या गांवीं इस्पितळांत अथवा शाळेंत एक, नवापुरास एक व नंदुरबारास जिल्ह्याच्या कचेरीजवळ एक, अशीं तीन केंद्रें आणि मध्यें सोयीच्या टेकडीवर एक यंत्र, एवढ्यानें आरंभ होऊं शकतो. प्रत्येक केंद्रावर निदान दोन परवानाधारक असावेत, म्हणजे एक गांवीं नसला तरी केंद्र बंद पडणार नाहीं. त्यांतला एक तरी त्याच मुलखांतला असावा. पाड्यांचीं नांवें, वाटा व बोली त्यासच ठाऊक असतात. आठवड्यांतून एक वार नेमून त्या दिवशीं ठराविक वेळीं एकमेकांस चार ओळींचा निरोप पाठवावा: पाऊस किती झाला, नदीचें पाणी कोठवर आहे, बॅटरी किती भरली आहे. अशा रटाळ निरोपांतूनच यंत्रांचे दोष कळून येतात आणि हाताला वळण लागतें.

आमच्या वाचकांच्या घरांत अभियांत्रिकी शिकणारीं मुलेंमुली आहेत. त्यांच्या टेबलावर संगणक आहे. पुष्कळांस तारा जोडण्याची आवडही आहे. त्यांनीं ही परीक्षा द्यावी, व आईबापांनीं हा नुसता खेळ म्हणून त्यांस परावृत्त करूं नये. पुण्यामुंबईच्या ज्या घरांत असें केंद्र उभें राहील, तें एरवीं मुलाच्या विद्येस उपयोगी पडेल आणि प्रसंगीं दूरच्या तालुक्याचा निरोप झेलील. शिकलेल्या मुलामुलींनीं सुटींत अशा गांवीं जाऊन तेथल्या तरुणांस हें शिकवावें, आणि पावसापाण्याचें जें ज्ञान त्यांच्यापाशीं आहे तें त्यांच्याकडून शिकून यावें.

संकटांत सांपडलेल्या माणसास दोन गोष्टींची तळमळ असते. आपली हांक पोंचावी ही एक, आणि ती पोंचली हें आपल्याला कळावें ही दुसरी. पहिलीसाठीं पुष्कळ साधनें आहेत. दुसरीसाठीं, टॉवर निजलेले असतां, बॅटरीवर चालणारें लहान यंत्र, टेकडीवरचें एक ठाणें आणि आठवड्याच्या आठवड्याला न कंटाळतां सराव करणारीं दोन माणसें लागतात. त्यांतलीं यंत्रें विकत मिळतात. माणसें मात्र आपणांसच तयार करावीं लागतील, आणि तींही पुढच्या पावसाळ्यापूर्वीं.